फुकटचं सॉफ्टवेअर आणि नववीचा पेपर

शिक्षक मंडळी, आज आमच्या सानपाड्याच्या शाळेत एक सेल्समन आला होता. पेपर टाइप करायला आणि वर्गात स्लाइड दाखवायला नवीन सॉफ्टवेअर, शिक्षकांना एकदम फुकट! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आमचे पेपर सेव्ह कुठे होणार?" मी विचारलं.

"टेन्शन नका घेऊ मॅडम, सगळं आमच्याकडे सेफ असतं."

मग त्याने डेमोसाठी लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर दुसऱ्याच शाळेचा नववीचा गणिताचा पेपर, वर तारीख पुढच्या आठवड्याची! त्याने तो घाईघाईत बंद केला.

आमचे मुख्याध्यापक सर चहा पीत म्हणाले, "फुकट आहे ना, घेऊन टाकू."

तुमच्यापैकी कोणाच्या शाळेने असलं फुकटचं काही घेतलंय का? असेल तर नववीचा गणिताचा पेपर आजच बदला. त्यातली पहिली तीन गणितं मला पाठ आहेत.