संत्र्यावरची कोळशी

प्रताप नगरातल्या आमच्या घरामागे संत्र्याचं एकच झाड होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्याची पानं काजळी धरल्यासारखी काळी पडली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लगेच ठरवलं की हा शेजारच्या चुलीचा धूर. दर रविवारी ओलं फडकं घेऊन पानं पुसायचे आणि शेजारणीला ऐकू जाईल असं बोलायचे. पुढच्या रविवारपर्यंत पानं पुन्हा काळी.

दुपारी मी एकटी असायची. एकदा पान उलटून पाहिलं, तर खाली काळे, चकचकीत, मोहरीहून बारीक ठिपके चिकटलेले. नखानं खरवडले तर ओले फुटले. किडेच होते ते. रस पिऊन चिकटा गाळत होते, तो खालच्या पानांवर पडत होता आणि त्यावर काळी बुरशी चढत होती. पुसून काय होणार होतं?

संध्याकाळी ह्यांना पान दाखवलं. "रोग पानाच्या खालून आहे, वरून पुसू नका," म्हटलं.

ते हसले. "तू काहून डोकं लावून राहिली वं? तुले झाडातलं काय समजते?"

पुढे चार-पाच वेळा सांगून पाहिलं. त्या वर्षी झाडाला एकही फळ धरलं नाही.

मग एक दिवस हे सदर भागातल्या ऑफिसातून आले ते सांगतच. त्यांच्या साहेबाच्या झाडालाही हेच झालं होतं. "याले कोळशी म्हणतात. कीड पानाखाली असते. निंबोळीचं तेल अन् साबणाचं पाणी खालून मारा लागते."

मी पोळ्या लाटत होते. "मी हेच सांगून राहिली होती."

"तुझा अंदाज होता. साहेबाले माहीत आहे."

फवारणी अर्थात माझ्याच वाट्याला आली. झाडाखाली वाकून, डोळ्यांत साबण जात, कित्येक आठवडे मी ती केली. हळूहळू हिरवी पालवी फुटली. पुढच्या वर्षी संत्री लागली.

थोरले दीर आले तेव्हा संत्रं सोलत हे त्यांना सांगू लागले, "मी पान उलटवून पाहिलं, तवा समजलं."

"पान मी उलटवलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही फडक्यानं पुसत होते."

दीर खाली मान घालून बिया वेचत बसले. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला, मी दिला. चूक मात्र त्यांनी कधी कबूल केली नाही. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना माझे कान तापले आहेत.