बिनपडद्याचं मशीन

सेफमोड हे त्याचं नाव बायकोने ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो. लग्नानंतर त्याने तिला एकदा मोठ्या उत्साहाने समजावलं होतं, की जुना कॉम्प्युटर फारच बिघडला तर त्याला सेफ मोडमध्ये चालू करतात. मग आवाज नाही, रंग नाही, छपाई नाही, नुसतं जिवंत राहण्यापुरतं काम. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे सुट्टीच्या दिवशी तुम्ही असता तसं." हे तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने गल्लीला, आणि मूळ नाव तेव्हापासून फक्त विजेच्या बिलावर उरलं.

त्याचं दुकान म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानामागची, जिन्याखालची खोली. उभा राहिला तर डोकं आपटतं, म्हणून तो बसूनच असतो. आधी तो एका मोठ्या कचेरीत मशीन्स सांभाळायला होता. कचेरीने एक दिवस सगळी मशीन्स बदलली, आणि जुन्यांबरोबर यालाही निरोप दिला. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारी माणसं अजून जगात आहेत, हे त्याला मग कळलं. लेथवाल्याचं मशीन फक्त तीच ओळखतं. वजनकाट्यावरच्या मालकाला दुसरी नकोच आहे. नव्या दुकानांत त्यांना "फेकून द्या" एवढंच ऐकायला मिळतं. सेफमोड फेकून द्या म्हणत नाही. तो म्हणतो, "ठेवून जा."

ठेवून जा म्हणजे खरंच ठेवून जा. गिऱ्हाइकाने तिथे बसलेलं त्याला खपत नाही. मशीन बंद पडायच्या आधी काय केलं होतंत, असं विचारलं की जो तो म्हणतो, "काही नाही हो." एवढ्या वर्षांत कोणी काही केलेलंच नाही, मशीन्स आपोआप मरतात! तेव्हा त्याने विचारणंच सोडलं. मशीन टेबलावर घ्यायचं, त्याच्याशी एकट्यानेच काय ते बोलायचं, आणि चालू झालं की पोचवून यायचं. पोचवल्यावरही तो थांबत नसे. माझ्या टेबलावर चाललं म्हणजे चाललं, हा त्याचा हिशेब होता. आता सांगायचं ते त्याच हिशेबाबद्दल.

एका सकाळी एक बाई घाईघाईने आल्या. गाडी रस्त्यातच उभी केलेली, मागून हॉर्न वाजतायत. त्यांनी कॉम्प्युटरचा एक जुना, पिवळट पडलेला डबा टेबलावर ठेवला.

"आईचं आहे. चालू होतं, आणि बोलायच्या आतच परत बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतं. दिवसभर तेच."

"मॉनिटर?"

"नाही तिच्याकडे. तिला दिसत नाही."

हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून त्या दिवशी नियम मोडून त्याने आणखी चार प्रश्न विचारले. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पुढे डोळे गेले. डोळ्यांबरोबर नोकरी गेली, पण कान आणि बोटं शाबूत होती. एका एक्स-रे सेंटरचे डॉक्टर आपले रिपोर्ट रेकॉर्ड करून पाठवतात, आणि ती ते ऐकून टाइप करते. आपण काय टाइप केलं ते मशीन तिला वाचून दाखवतं. ते वाचणारं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, ती कंपनीच आता नाही. सिस्टीम पुसून नव्याने टाकली तर ते परत बसवता येणार नाही.

"मी तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला," मुलगी म्हणाली. "पण तिचं आपलं एकच, की दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यासारखं वाटतं. सेंटर सोमवारपर्यंत थांबतंय. नाही झालं तर काम दुसऱ्याला जाईल, आणि ती माझ्याकडे राहायला येईल. कामासाठीच तर ती एकटी राहतेय. माझ्याकडे खोली तयार आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का काका, नाही झालं तरी चालेल."

हे वाक्य सेफमोडच्या डोक्यात गेलं. मुलगी वाईट नव्हती. आई जिन्यावरून पडली तर कळणार कोणाला, या धास्तीने ती रोज तीनदा फोन करत होती. पण आपल्याला काम देऊन वर नाही झालं तरी चालेल म्हणणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं. तो फक्त म्हणाला, "ठेवून जा."

डब्याला त्याने आपला मॉनिटर जोडला. जुनी मशीन्स जागी होताना काही ना काही कुरकुर करतातच, तिकडे लक्ष न देता तो पुढे गेला. सिस्टीमचं चिन्ह आलं, क्षणभर निळा पडदा चमकला, आणि सगळं परत पहिल्यापासून. त्याने सेफ मोड लावून पाहिला. त्यात मशीन निमूट चालू झालं. म्हणजे जीव होता, दुखणं कुठेतरी वरच्या थरात होतं. त्याने प्रिंटरचं काढलं, आवाजाचं काढून पुन्हा घातलं, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. निळा पडदा काही हटेना. मग त्याने डब्याला कान लावला. हार्ड डिस्क मधूनच अडखळत होती. तिच्यावरचे काही भाग खराब झाले होते, आणि सिस्टीमच्या दोन-चार फायली नेमक्या तिथेच होत्या.

पुसून टाकायचं नाही म्हटल्यावर हे काम वेळखाऊ होतं. डिस्कवरचं जेवढं वाचत होतं तेवढं त्याने जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. जुन्या सीडीवरून फक्त मोडलेल्या फायली बदलल्या, बाकी कशाला हात लावला नाही. तीन दिवस तो जेवायला घरी गेला तेही डोक्यात मशीन घेऊनच. शेवटी एकदा चिन्ह आलं, गेलं, आणि स्पीकरमधून एक आवाज इतक्या भराभर बडबडायला लागला की सेफमोडला त्यातलं एक अक्षर कळेना. त्याने तीनदा बंद करून चालू केलं. तीनही वेळा बडबड झाली. तो इतका खूश झाला की बायकोला फोन करून त्याने ती ऐकवली. ती म्हणाली, "मी औषधाच्या दुकानात आहे, गर्दी आहे, ठेवा."

शनिवारी तो डबा खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढला. ऑपरेटरबाईंनी दार उघडलं. ताठ, नीटनेटक्या बाई, आणि बोलणं असं स्पष्ट की अजून कोणाला तरी लाइन जोडून देतायत असं वाटावं. खिडकीशी टेबल होतं. त्यावर कीबोर्ड, दोन स्पीकर, आणि मध्ये पडदा असायचा तिथे पाण्याचा तांब्या. त्याने वायरी लावल्या.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "चालू करून बघू."

"बघितलंय बाई, तीनदा. मस्त चालतंय. काट्यावरचा माणूस खोळंबलाय माझ्यासाठी."

आणि तो निघून गेला.

सोमवारी सकाळी मुलीचा फोन आला. "काका, ते बोलत नाहीये. आईने परवापासून खूप खटपट केली. आता राहू द्या. मी तिला न्यायलाच आलेय. सेंटरला कळवायचं तेवढं राहिलंय. डबा तुम्हाला सुट्या भागांसाठी हवा असेल तर घेऊन जा."

काट्यावरच्या माणसाचं मशीन उघडं टाकून तो तसाच निघाला.

घरात एक मोठी बॅग भरून दाराशी ठेवली होती. मुलगी कपाट रिकामं करत होती. बाई टेबलापाशी बसल्या होत्या, हात मांडीवर. आवाज तोच स्पष्ट, पण त्यातली लाइन तुटली होती.

"मला फोन का नाही केलात?" त्याने विचारलं. त्याचा सूर जरा चढाच होता, कारण तो घाबरला होता.

"तुम्ही म्हणालात ना, चालतंय. म्हटलं मग माझंच चुकतंय. वय झालं, बोटं विसरली असतील. दोन दिवस सगळ्या वायरी चाचपून पाहिल्या हो. म्हटलं, हेही आता आपल्याला जमत नाही. तेव्हा हिला म्हटलं, ये घ्यायला."

सेफमोडने खुर्ची ओढली, बटण दाबलं. डब्यातला पंखा घरघरला, एक बारीक बीप झाला. समोर पडद्याऐवजी तांब्या. तो त्या तांब्याकडे बघत बसला, आणि थोड्या वेळाने स्पीकरमधून ती बडबड सुरू झाली.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "काय केलंत?"

"काही नाही हो," सेफमोड म्हणाला.

"केलंत. बीप झाल्यावर एक बटण दाबलंत. डावीकडे, वरच्या रांगेतलं. मी ऐकलं."

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. डावं बोट अजून एफ-वनवरच होतं. आणि मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

असल्या जुन्या मशीनच्या आत घड्याळापुरता एक छोटा सेल असतो. तो संपला, की मशीन जागं होताना बीप करून काळ्या पडद्यावर लिहून दाखवतं: घड्याळ चुकलंय, पुढे जायला एफ-वन दाबा. दाबेपर्यंत ते तिथेच उभं. बाईंचं मशीन वर्षानुवर्षं प्लगमध्येच, त्यामुळे सेल मेला तरी कधी जाणवलं नव्हतं. वायर काढून दुकानात नेलं, तेव्हा घड्याळ पुसलं गेलं. सेफमोडकडे येणाऱ्या निम्म्या मशीन्सचं हेच रडगाणं. पडद्यावरच्या त्या ओळी तो आता वाचतही नसे. बोट आपणहून जायचं. टेबलावर तीनदा चालू केलं तेव्हा तीनही वेळा गेलं होतं. तो जी कुरकुर म्हणून सोडून देत होता, ती बाईंच्या घरात बंद दारासारखी होती, आणि दार आहे हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं त्याने बाईंना सांगितलं. काही लपवलं नाही. "तुमची बोटं काही विसरलेली नाहीत, बाई. माझ्या बोटाला फार जास्त आठवतं. मी थांबायला हवं होतं. तुम्ही बसा म्हणालात, तेव्हा बसायला हवं होतं. मला लाज वाटतेय."

"म्हणजे ते दोन दिवस लिहून सांगत होतं," बाई म्हणाल्या, "आणि मी बोलायची वाट बघत होते." मग त्यांना हसू आलं. त्यांनी दोन बटणं दाबली आणि आवाज काहीतरी म्हणाला. "तारीख सांगतोय. वीस वर्षं मागची. घ्या, मी तरुण आहे अजून."

पिशवीत नवा सेल होता. असला सेल त्याने पन्नास वेळा तरी लोकांना विकला होता, फक्त इथे बसवायचा राहिला होता. सेल घातला, पण घड्याळ लावायला पडदा हवाच. तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्याकडून त्याने मॉनिटर मागून आणला, तारीख-वेळ लावली आणि मॉनिटर लगेच परत देऊन आला. मग मशीन बंद केलं, प्लगसुद्धा काढून पुन्हा लावला.

"आता मी आणि ताई बाहेर जातो," तो म्हणाला. "दार लावून घेतो. तुमचं तुम्ही चालू करा. मी आत असलो तर माझा हात काय करील याचा भरवसा नाही."

दोघं जिन्यात येऊन उभी राहिली. मुलीच्या हातात आईची बॅग होती, दाराशी अडचण नको म्हणून उचललेली. आत बटणाचा टक आवाज झाला. पंखा घरघरला. बीप झाला नाही. कठड्यावर सेफमोडचं डावं बोट दाबलेलं होतं, पण तेही त्याला कळलं नाही. मुलगी दाराकडे बघत होती, आणि तिला काय व्हायला हवंय हे तिच्या तोंडावरून ओळखता येत नव्हतं. बहुधा तिलाही ठाऊक नसावं.

आत बडबड सुरू झाली.

"काय म्हणतंय ते?" मुलीने विचारलं.

"मला कुठे कळतंय? मला वाटलं तुम्हाला कळत असेल."

"नाही. मी कधी ऐकलंच नाही नीट."

दोघं वाट बघत राहिली, की आता बाई दार उघडतील, काहीतरी म्हणतील. दार उघडलं नाही. आतून कीबोर्डचा आवाज यायला लागला, आधी तुटक, मग सलग. एका पुरुषाचा रेकॉर्ड केलेला आवाज मध्येच चालू व्हायचा, थांबायचा, मग पुन्हा टकटक. बराच वेळ गेला.

"आई?" मुलीने शेवटी हाक मारली. "झालं का? निघायचं ना?"

"थांब गं जरा," आतून उत्तर आलं. "एकाच्या फुप्फुसात आहे मी."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले. "किती वेळ लागेल हो हिला?"

"आठवडाभराचं साचलंय," सेफमोड म्हणाला. "संध्याकाळ तर होईलच."

तिने मान डोलावली. मग बॅग घेऊन ती हळूच दार लोटून आत गेली आणि आवाज न करता आईचे कपडे परत कपाटात लावायला लागली.