पोलादी तार आणि अप्पांचं बोट

बारावीत मी लातूर सोडून मुखेडला परत जायचं ठरवलं होतं. फिजिक्स माझ्याच्यानं होत न्हाई, मला घेऊन जा, असं वडलांना फोनवर रडून सांगितलं. अप्पा किराणा दुकान बंद करून एसटीनं निघाले सुद्धा.

त्याच दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. आमची रीतच तशी: दोन वर्षं क्लासमध्ये घासायचं आणि परीक्षा तोंडावर आली की कॉलेजचं तोंड बघायचं. तार ताणायची गणितं मी ढिगानं सोडवली होती, पण ताणलेली तार काही बघितली नव्हती. अप्पा येईस्तोवर खोलीत रडत बसण्यापेक्षा बरं, म्हणून गेले.

छताला दोन पोलादी तारा शेजारी-शेजारी टांगलेल्या. सर म्हणाले, एकीला अर्ध्या किलोचं वजन अडकव. अडकवलं. डोळे फाडून बघितलं. कुठं काय!

"सर, ही काय ताणली न्हाई," मी वैतागून म्हणाले.

"अगं बाई, तारेकडं काय बघतीस? बुडबुड्याकडं बघ."

दोन्ही तारांच्या मधे काचेची आडवी नळी होती, गवंड्याच्या लेव्हलमध्ये असते तसली. तिच्यातला बुडबुडा एका टोकाला सरकला होता. म्हणजे तार खरंच लांब झाली होती, दोन-चार केसांच्या जाडीएवढी! वजन काढलं, तर बुडबुडा गुमान मधे आला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं कडक पोलाद, आणि ते ताणतंय, परत जागेवर येतंय. मी पुन्हा अडकवलं, पुन्हा काढलं.

"खेळ लावलाय का?" सर ओरडले.

मग मी एकेक करून सगळी वजनं चढवली, दर वजनाचं रीडिंग लिहिलं. तेवढ्यात विचारत विचारत अप्पा दारात आले. मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. "अप्पा, त्या वजनावर बोट दाबा. हळूच."

दाबलं. बुडबुडा हलला. बोट उचललं, परत आला.

"अरे महादेवा! माझ्या बोटानं पोलाद ताणलं?"

"हाव!"

त्यांनी परत परत दाबून बघितलं. सर आता हसून राहिले होते. मग अप्पांनी घड्याळ बघितलं. "चल. गाडी चुकंल."

"अप्पा, वजनं उतरवतानाची रीडिंगं राहिलीत. आणि उद्या दुसरं प्रॅक्टिकल हाय. ते बी करते की."

मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तारेकडं बघितलं आणि स्टूल ओढून बसले.

"घे," म्हणाले. "पण पुढचं वजन मी काढणार."