मुलाखतीचा हिरवा ड्रेस

माझं ड्रेपरीचं दुकान आहे. सावेडीत, एका क्लासच्या खालच्या गाळ्यात. शाळांची गॅदरिंगं, जत्रेतली नाटकं, फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धा, सगळ्यांना मी कपडे भाड्यानं देतो. माझ्याकडे मावळे आहेत, पोलीस आहेत, वासुदेव आहेत. एक गाढवसुद्धा आहे, फक्त त्याचा मागचा भाग मिरजगावच्या एका शाळेनं अजून परत केलेला नाही. अर्धं आयुष्य मी माणसांना भलत्याच माणसाचे कपडे चढवत आलोय. त्यामुळे कुणी कुठं काय घालून जावं यावर न विचारता बोलायची मला खोड आहे. कुणी विचारलंच तर मग मला आवरणं अवघड.

भाचीनं विचारलं.

माझी बहीण पाथर्डीच्या पुढं एका खेड्यात दिली आहे. दाजी आणि ती दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि भाची तिच्या आजीजवळ, म्हणजे दाजींच्या आईजवळ राहून शिकायची. पोरगी बारावी सायन्स झाली. नगरमध्ये एका दवाखान्याला जोडलेलं नर्सिंगचं कॉलेज आहे. तिथं ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी थोड्या जागा फुकट, वसतिगृहासकट, आणि त्या मुलाखत घेऊन देतात. जागा मिळाली तर शिक्षण, नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्न, असा घरातला सरळ हिशेब होता.

"मामा, मुलाखतीला काय घालू?" तिनं फोनवर विचारलं.

मी खुर्चीत ताठ बसलो. "रंग फिकट. बाही कोपराच्या खाली. चकाकणारं काही नको. ओढणी दोन्ही खांद्यांना पिन करून. आणि पायात वाजणारं काही घालू नकोस. नर्स कधी आली ते पेशंटला कळता कामा नये."

फोन स्पीकरवर होता. मागून दाजींचा आवाज आला, "मी नेतो तिला बाजारात." त्यांनी नेलं, कापड घेतलं, शिवायला टाकलं आणि शिवून आल्यावर मला फोटो पाठवला. हिरवा. अगदी उसाच्या शेंड्याचा हिरवा.

मी फोन केला. "दाजी, मी फिकट म्हणालो होतो."

"फिकट मळतंय. हिरवा मळत न्हाई."

"अहो, माझ्याकडे झाडाचा पार्ट करणाऱ्या पोरांना हा रंग देतात."

"मग बरंच हाय की. झाडाला कोन परश्न इचारीत न्हाई."

स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसत राहिले. पुढच्याच आठवड्यात सकाळी शेळ्या सोडताना त्यांच्या छातीत कळ आली. जीप मिळाली, पण पाथर्डी यायच्या आधीच ते जीपमध्ये गेले. पोरगी त्यांचे पाय धरून मागच्या सीटवर बसली होती.

मुलाखत सुतकात आली.

मी बहिणीकडेच मुक्काम ठोकून होतो. भिंतीला टेकून बहीण बसलेली, हात मोकळे. फोडलेल्या बांगड्यांचे तुकडे कुणीतरी झाडून घरामागं टाकले होते, आणि कोंबड्या ते चोचीनं उलटेपालटे करत होत्या. वर खुंटीला शिंप्याच्या पिशवीतला तो ड्रेस, तसाच, घडी न मोडलेला. बसायला येणाऱ्या प्रत्येक बाईची नजर आधी बहिणीच्या हातांवर जायची आणि मग त्या पिशवीवर.

आदल्या दिवशी दुपारी भाची म्हणाली, "उद्या जायचंय मला."

"जा," बहीण म्हणाली.

"जाऊ द्या तिला," दाजींची म्हातारी आई म्हणाली, "पन त्ये नगं." तिनं हनुवटीनं खुंटी दाखवली.

आमच्याकडे रीत अशी की सुतकात घरातलं कुणी कोरं कापड अंगाला लावत नाही. तेराव्याला माहेरचे लोक कपडे घेऊन येतात, ते नेसवतात, आणि मग घर पुन्हा नवं घालायला मोकळं होतं. त्यात हा हिरवा. ज्या घरात हिरव्या बांगड्या नुकत्या फोडल्या, त्या घरातून.

मी मध्ये पडलो. "त्यात काय, माझ्याकडे नर्सचे डझनभर ड्रेस आहेत. टोपीसकट."

"नर्सचा ड्रेस घालून नर्सच्या मुलाखतीला जाऊ?" भाची म्हणाली.

"वेळ वाचेल. सरळ ड्युटीला लावतील."

बहिणीनं पदर तोंडावर घेतला. ती हसली की रडली ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मग मी खरोखरच चांगली तोड काढली. शिक्षिकेच्या पार्टसाठी माझ्याकडे एक सुती ड्रेस होता, मऊ, अनेक अंगांवरून उतरलेला, त्याला कुणाची हरकत नसती.

भाचीनं मान हलवली. "अण्णांनी आनलेला घालीन. न्हाईतर मी जायची न्हाई."

त्यात धमकी नव्हती. रस्ता बंद आहे, एसटी पुढं जात नाही, असं सांगावं तसं ती बोलली.

"मग नगं जाऊस," म्हातारी म्हणाली.

म्हातारी दुष्ट नव्हती. पोटचा पोरगा गेला होता आणि त्याच्यासाठी नीट करता येईल असं तिच्या हातात आता सुतकाशिवाय काही उरलं नव्हतं. ते ती मोडू देणार नव्हती. आणि इकडं पोरगीही हलणार नव्हती. खरं म्हणजे लग्नाचा विषयही आता संपला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. पोरगी उद्या गेली नाही, तर दसऱ्यानंतर आईची दुसरी बाजू धरून तिला उसात उभं राहावं लागणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

मी उठून खुंटीवरची पिशवी काढली आणि घराच्या मधोमध उभा राहिलो.

"मावशी, कोरं म्हणजे काय? जे कुणाच्या अंगाला लागलं नाही ते. माझ्या धंद्यात एकदा अंगाला लागलेलं कापड जुन्यात जमा होतं. हा ड्रेस आधी दुसऱ्या कुणी घातला, की पोरीला तो उतरलेलाच झाला की नाही?"

"कोन घालनार दुसरं? घरात समद्यांना सुतक. शेजारची एक तरी हात लावंल का?"

ते खरं होतं. मग मी शर्टाची बटणं सोडायला घेतली. जत्रेच्या नाटकांत मी तरुणपणी बायकांचे पार्ट केले आहेत आणि लुगडं अजून बऱ्यापैकी सावरतो. पंजाबी ड्रेस हे नवीन आव्हान होतं, पण मी तयार होतो.

"मामा, नका ना," भाची कळवळली.

"पाव्हनं, शिवन उसवल," म्हातारी म्हणाली. "प्वाट बगा आपलं."

मी पोट बघितलं. मुद्दा बिनतोड होता.

म्हातारी भिंतीला हात लावत उठली. "द्या हिकडं."

तिनं तो कुडता लुगड्यावरूनच डोक्यातून घातला. हात बाह्यांत अडकले, बहिणीनं ते ओढून दिले. सलवार तिनं उलटीपालटी करून पाहिली. "ह्ये इजारीचं न्हाई जमायचं," म्हणून ती नुसतीच मांडीवर घेतली. आणि रोज बसायची त्याच जागी बसून तिनं मिश्रीची डबी उघडली.

"आता लागलंच पाप तर मला लागंल," ती दात घासता घासता म्हणाली. "पोरीला न्हाई. माझं न्यायाजोगं होतं ते नेलं देवानं."

मी आजवर किती माणसांना राजा केलं, किती जणांना राक्षस, त्याची मोजदाद नाही. कुणाच्याही अंगावर कपडे चढताना मी नजर चुकवलेली नाही. तेव्हा मात्र मी बाहेर शेळ्यांकडे बघत राहिलो.

दिवेलागणीपर्यंत तिनं तो अंगावर ठेवला. मध्येच वरच्या आळीतली एक बाई बसायला आली. दारात थबकली. पांढऱ्या केसांची म्हातारी, हिरवा पंजाबी कुडता, मांडीवर सलवार, तोंडात मिश्री. त्या बाईला वाटलं, पोराच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं. ती म्हातारीच्या गळ्यात पडून अशी रडली, की सुतकाच्या पहिल्या दिवशीही कुणी तसं रडलं नव्हतं.

"काय झालं गं तुला?" म्हातारी तिला विचारत होती.

ड्रेस उतरला तेव्हा छातीशी मिश्रीचा अंगठा उमटलेला होता. बहिणीनं दोनदा धुतला, काळपट डाग राहिलाच. भाची म्हणाली, राहू दे.

सकाळच्या एसटीनं आम्ही नगरला आलो. कॉलेजचा व्हरांडा म्हणजे प्रयोगाआधीचा रंगपट. बहुतेक पोरी पांढऱ्या कपड्यांत, कारण नर्सिंगला पांढरंच लागतं अशी कुठून तरी आवई उठली होती. एकीनं भावाचा कोट घातला होता, बाह्या आत दुमडून. एक जण आईच्या सँडलमध्ये कागदाचे बोळे कोंबत होती. आया पिना दातांत धरून उभ्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भीती, आणि त्या पांढऱ्या रांगेत आमचं एकटं हिरवं झाड. मी ओढणी डागावर ओढली, पिन लावली आणि सांगितलं, "आत गेल्यावर हात हलवू नकोस."

आत काय झालं ते तिनं नंतर स्टँडवर चहा घेताना सांगितलं. तिघं होते. एक डॉक्टर, एक संस्थेचे गृहस्थ आणि एक वयस्क मेट्रन. मेट्रननं नखं दाखवायला सांगितली. हिनं हात पुढं केले, पिन सुटली, ओढणी घसरली.

"हा डाग कसला?" मेट्रननं विचारलं. "इथं स्वच्छता सगळ्यात आधी."

"मिश्रीचा."

"तू मिश्री लावतेस?"

"आजी लावती. ड्रेस आदी तिनं घातला हुता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं असणार. मग हिला सगळं सांगावं लागलं. गृहस्थ म्हणाले, "अगं मग सुतकात कशाला आलीस?"

"सुतक फिटंस्तोवर जागा थांबल का, सर?"

मेट्रननं पेन खाली ठेवलं. "वडील गेले तेव्हा तू जवळ होतीस?"

"जीपमध्ये. पाय गार पडले हुते. चोळत हुते मी."

"कळलं होतं, गेले ते?"

"व्हय."

"मग चोळत का राहिलीस?"

"आई बघत हुती."

मेट्रननं पेन पुन्हा उचललं, असं भाची म्हणाली. डॉक्टर म्हणाले, जा. तिनं चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि ती ते चमच्यानं काढत बसली.

तेराव्याला मी बहिणीला साडी नेसवली. म्हातारीसाठीही लुगडं नेलं होतं, पण तिनं ते परत माझ्या पिशवीत ठेवलं. रीतीनं तिचे कपडे तिच्या माहेरून यायचे, आणि तिच्या माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं. "मला काय नगं, पाव्हनं," ती म्हणाली. "म्या आदीच नवं घातलंय."

त्यानंतर काही दिवसांनी कॉलेजचा फोन आला. जागा मिळाली.

बहीण आधी रडली, मग आढ्याला खोचलेल्या दोन कोयत्यांकडे बघू लागली. मला कळलं, ती काय विचार करतेय ते. मी म्हणालो, नगरला चल, दोन खोल्या आहेत, शिलाईला मला माणूस लागतोच. ती म्हणाली, "दादा, भावाच्या दारात किती दिस?" मी तोंड उघडण्याआधीच कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "मी हाय की. कोयता कसा धरायचा त्ये इसरले न्हाई मी."

"मावशी, या वयात?"

"मग काय, तुमी येताय? प्वाट घिऊन?"

भाचीनं कॉलेजला जाताना ड्रेस नेला नाही. तिथं निळा युनिफॉर्म मिळणार होता. आणि घरातून निघताना म्हातारीनं तो तिच्या पिशवीतून काढून घेतला होता. "माझा हाय त्यो. आदी म्या घातलाय."

थंडीत मला नदीकाठच्या बागायती भागातल्या एका शाळेला गॅदरिंगचे कपडे पोचवायचे होते. टेम्पोत मावळे, परी आणि पुढून अर्धं गाढव. बहिणीची टोळी तिथंच जवळ होती, म्हणून वाटेत उतरलो. बहीण साडीवरून दाजींचा शर्ट घालून मोळ्या बांधत होती. तोडीवरच्या बायका असाच पुरुषी शर्ट घालतात, पाला हात कापतो म्हणून. म्हातारी दिसेना.

मुकादम ओरडत होता, "म्हातारी कुठं बसली जाऊन?"

"हितंच हाय," उसातून आवाज आला. "डोळं हायती का?"

तेव्हा मला ती दिसली. लुगड्यावर तो हिरवा कुडता, मनगटापर्यंत बाह्या, डोक्याला फडकं. उसाच्या हिरव्यात हिरवी. वाकलेली, आणि वाकलेलीच राहिलेली, कारण पुन्हा सरळ व्हायला वेळ लागत होता. पिनेच्या जागी आता मोठं भोक होतं आणि मिश्रीचा डाग इतर डागांत हरवला होता.

"मावशी, जमतंय का?" मी विचारलं.

तिनं कोयता खाली न ठेवता मान तेवढी वळवली. "मुलाखत घेताय व्हय?"

ती आत सरकली. मी टेम्पोपाशी येऊन पुन्हा वळून पाहिलं, तर ती दिसली नाही. ऊस आडवा पडत होता, तेवढा दिसला.