सेलांचा हार

यमदूत आला, तरी आमचे थोरले साडू त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून आधी विचारतील, "खिशात काय आहे?" आणि त्याच्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी एखादा सुटा सेल निघालाच, तर त्याला सोफ्यावर बसवून शॉर्टसर्किट म्हणजे काय ते इतकं सविस्तर समजावतील, की बिचारा आल्या कामाचं विसरून परत जाईल. नगरला सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटवर जाणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाला उत्तर दिलेलं आहे. दूधवाल्याने दिलंय, भिशीच्या बायकांनी दिलंय, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीही दिलंय. त्या पाहुण्यांतल्या मुलाच्या वडिलांनी खिशातून पॉवर बँक आणि चिल्लर एकत्र बाहेर काढली, तेव्हा थोरल्यांचा चेहरा असा पडला, की स्थळ तिथेच मोडतं की काय असं वाटलं. मोडलं नाही. मुलाच्या वडिलांनी चिल्लर दुसऱ्या खिशात टाकली आणि मग चहा आला.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. ते मला 'धाकटे' म्हणतात, मी त्यांना 'थोरले'. जन्मभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. विजेशी संबंध आला तो एकदाच, पण तो मांडीवर आला. शाळेच्या माईकचा चौकोनी सेल खिशात टाकून ते जामखेडहून एसटीने नगरला येत होते. त्याच खिशात घराच्या किल्ल्या. गाडी खड्ड्यात आपटली, किल्ली सेलच्या दोन्ही टोकांना नीट चिकटून बसली, आणि गुरुजी सीटवरून ताडकन उठून मांडी थोपटायला लागले. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, बिडी इझवून खिशात ठिवत जावा की!" जन्मात बिडी न ओढलेल्या माणसाला हे फार लागलं. ती भोक पडलेली पँट त्यांनी अजून जपून ठेवली आहे आणि विषय निघाला की दाखवतात. विषय तेच काढतात.

तेव्हापासून त्यांनी या एकाच शत्रूचा अभ्यास केला. समजावण्याची त्यांची पद्धत मात्र वर्गातलीच. "धाकटे, वीज म्हणजे कामाला निघालेला माणूस. वाटेत बल्ब असला, घड्याळ असलं, की तिथं राबतो आणि मुकाट घरी येतो. पण वाटेत कामच ठेवलं नाही, सेलचं एक टोक दुसऱ्याला थेट जोडून दिलं, की तो मोकळा सुटतो. सुसाट पळतो. पळून पळून तापतो. आणि तापलेला माणूस काय करतो ते इतिहासाला विचारा!" एकदा मेहुणीबाईंचा मोबाईल पोटातून फुगला. थोरल्यांनी तो चिमट्याने उचलला, गॅलरीत नेला आणि तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत वाळूवर ठेवला. "फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही." इथवर ठीक होतं. पण मोबाईल कुंडीत वाजायला लागला. पाथर्डीहून आमच्या बायकांच्या मामांचा फोन. हात लावायची बंदी, म्हणून थोरल्यांनी लाकडी उलथन्याने स्क्रीन दाबून तो फोन घ्यायचा प्रयत्न केला. लाकडाला स्क्रीन काही दाद देईना. मामा दिवसभर फोन करत राहिले, कुंडी वाजत राहिली, आणि संध्याकाळी मामा स्वतःच जीपने दारात हजर झाले. "आरं, कुनी मेलं का काय तुमच्यात? फोन का उचलंना?" थोरले शांतपणे म्हणाले, "मामा, खिशात काय आहे?"

सोसायटीतल्या झाडून सगळ्यांचे संपलेले सेल ते गोळा करत. आमच्याकडेही महिन्याकाठी येत, प्लॅस्टिकची बरणी घेऊन. प्रत्येक सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच तो बरणीत पडे. "संपलेत हो ते," मी एकदा म्हणालो. "धाकटे, घड्याळ बंद पडलं म्हणजे सेल मेला असं नाही. घड्याळाला पुरेल एवढं त्याच्यात उरलेलं नसतं, इतकंच. भाजायला पुरेल एवढं असतं."

हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. म्हणून पुढचं सांगताना मला कुठे लपायला जागा नाही.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा आपला फ्रिज जास्त बोलतो." लोकांना हसवणाऱ्या माणसांचा मला कायम हेवा वाटत आला. थोरल्यांची एकसष्टी ठरली, तेव्हा आपणही एकदा सभा गाजवावी असं माझ्या मनाने घेतलं. आयुष्यात मी एकच विनोद केला, आणि तो हा. त्यांनी आमच्याकडे विसरलेली सेलांची बरणी मी उघडली. चिकटपट्ट्या सोलून काढल्या, कारण सेल चमकायला हवे होते. जुन्या बेलची तांब्याची तार सोलली, ती सोन्यासारखी दिसते म्हणून. सेलामागे सेल तारेने जोडत गेलो. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवली, शिस्त म्हणून. असा सुबक हार झाला, की मी स्वतःवरच खूश झालो.

हॉलमध्ये शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मी हार घेऊन पुढे गेलो. टाळ्या, शिट्ट्या, हशा. मेहुणीबाई तर डोळे पुसत हसत होत्या. हार तारेचा, डोक्यावरून जाईना, म्हणून थोरल्यांच्या मागे जाऊन मी दोन्ही टोकांची मानेवर गाठ मारली. म्हणजे वीज नावाच्या त्या माणसाला मी वाटेत काहीही काम न ठेवता त्यांच्या गळ्याभोवती गोल पळायला सोडलं. फोटोग्राफर ओरडला, "हार काढू नका, मामांचं भाषण होऊ द्या!"

मामा पाथर्डीचे, त्यांचं भाषण एकदा सुरू झालं की पाऊस पडेपर्यंत थांबत नाही, आणि दुष्काळी पाथर्डीत पाऊस कधी पडतो ते सर्वांना ठाऊक आहे. "आमचे ह्ये जावई म्हंजे लई तेजस्वी मानूस," मामा सांगत होते. थोरल्यांनी मान जरा हलवली. मग शाल गळ्याशी ओढून घेतली. मग वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. तिच्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी शालीखालून हात घातला, काहीतरी खटकन केलं आणि पुन्हा सरळ उभे राहिले. तेवढ्यात मामांचं नाक फुललं. "आरं, कायतरी करपतंय! भात लागला का बघा!" सगळे स्वयंपाकघराकडे धावले. भाताला काही झालं नव्हतं.

फोटो झाल्यावर हार काढला, तेव्हा त्यांच्या मानेवर लाल वळ होता. मी पुटपुटलो, "थोरले, माझ्या लक्षात..." ते म्हणाले, "असू द्या. जेवायला बसा, पाहुणे खोळंबलेत."

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. बरणी न्यायलाही नाही. मी त्यांच्याकडे गेलो, तर दार उघडून म्हणाले, "या, कसे आहात?" दूधवाल्याला खिसा विचारतात आणि मला कसे आहात! मी चहा पिऊन आलो आणि घरी येऊन बायकोशी नेहमीपेक्षाही कमी बोललो. आपल्याच माणसाने आपल्याला पाहुणा केलं, हे कोणाला सांगायचं? शेवटी मी घरातले, शेजारचे, ऑफिसातले सगळे सेल जमवले आणि एकेकाच्या टोकांना पट्टी लावत बसलो. बायकोने पाहिलं आणि कात्री आणून दिली.

सेलांचा डबा घेऊन सावेडीला गेलो. थोरल्यांनी चष्मा लावून एकेक सेल तपासला. मी म्हणालो, "थोरले, मी तुमचं सगळं ऐकलं होतं. हसायला मिळावं म्हणून विसरलो. तुम्हाला भाजलं. हार लगेच फेकून का नाही दिलात?"

ते सेल चाळत म्हणाले, "गरम लागल्याबरोबर मी एक जोड तोडला. एका जागी तोडलं की पुरतं, पळणं थांबतं. पण काढून कसा टाकणार? इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा चारचौघांत पुढे आला होतात, धाकटे. फोटोत किती हसताय बघा." भिंतीवर तो फोटो होता. थोरले शाल हनुवटीपर्यंत ओढून उभे, आणि शेजारी मी, सगळे दात दाखवत. असा मी दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही. "राग आला होता," ते म्हणाले, "भाजलं त्याचा नाही. शिकवलेलं वाया गेलं त्याचा."

मी जायला उठलो, चपला घातल्या, जिना उतरायला लागलो, तेवढ्यात वरून हाक आली.

"धाकटे! खिशात काय आहे?"

मी जिन्यातच उभा राहिलो आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. किल्ल्या, सुटे पैसे, रुमाल. "सेल नाही," मी म्हणालो. "जा मग," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

हल्ली त्यांच्याकडे जाताना मी मुद्दाम एक सेल खिशात ठेवतो. टोकांना पट्टी लावून. ते विचारतात, मी दाखवतो, ते पट्टी नखाने दाबून बघतात. मग आम्ही आत जातो.