हंसाच्या पिल्लाचं कार्ड

बायकोला लकवा मारला तो उजव्या अंगाला. पाय ओढत का होईना, ती चालू लागली. पण बोलणं गेलं ते गेलंच. कळतं सगळं, तोंडातून निघतं फक्त "हं". बोलणं शिकवायला येणाऱ्या मॅडमनी सांगितलं, चित्रांची कार्डं दाखवा, नाव तिला घेऊ द्या. मला वेगळं बजावलं, "काका, उत्तर तुम्ही द्यायचं नाही. कितीही वेळ लागला तरी गप्प बसायचं."

गप्प! आमच्या घराण्यात समोरच्याचं वाक्य पुरं करून देणं म्हणजे पाहुण्याला पाणी देण्यासारखं. कोणी अडखळला की चार जण शब्द घेऊन धावतात. त्यात मी लग्नामुंजीत किस्से सांगणारा म्हणून प्रसिद्ध. माझा जबडा मिटलेला कोणी पाहिलेला नाही.

इतवारीच्या बाजारातून प्राणी आणि त्यांच्या पोराबाळांच्या कार्डांचा गठ्ठा आणला. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी शाळा भरू लागली. शेजारीच राहणारे दादा-वहिनी यायचे. गाईचं कार्ड धरलं, की बायकोने ओठ हलवायच्या आत वहिनी म्हणायच्या, "वासरू वं, वासरू! म्हन ना!" दादा शेळीला करडू पुरवायचा, मी घोडीला शिंगरू. मॅडम विचारायच्या, प्रगती कशी आहे? आम्हा तिघांची उत्तम होती.

एका संध्याकाळी हंस निघाला. पाण्यावर पांढरीशुभ्र आई आणि तिच्या मागे मळक्या कापसाच्या बोळ्यांसारखी राखाडी प्रजा. खाली इंग्रजीत 'सिग्नेट' छापलेलं. मराठीत काय म्हणायचं?

"नागपुरात हंस कोनं पाह्यला गा?" दादा म्हणाला.

"बदकाच्या लेकराले काय म्हन्तात?" वहिनी पुटपुटल्या. "सांगा ना भाऊजी, तुमाले तं सगळंच येते."

येत नव्हतं. गाय, शेळी, हरीण, सगळ्यांच्या लेकरांना आपापला शब्द आहे. मग हंसासारख्या मानाच्या पक्ष्याच्या लेकराला असणारच, अशी माझी खात्री. मी छताकडे बघत शोधू लागलो. दादा डोकं खाजवत होता, वहिनी पदराशी चाळा करत होत्या. बायको आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच खोलीत कोणी बोलत नव्हतं.

आणि तिचे ओठ जुळले. नीट, घट्ट. कपाळाला आठी पडली. डावा हात कार्डाच्या दिशेने उठला.

"पि..." ती म्हणाली.

"पिल्लू!" मी ओरडलो. "अरे, पिल्लूच की! हंसाचं पिल्लू!"

दादाने मला टाळी दिली. वहिनी हसल्या. बायकोचा हात मांडीवर पडला. तोंड जरा वेळ तसंच उघडं राहिलं, मग मिटलं.

"हं," ती म्हणाली.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "बघू पुन्हा."

त्याला आता कितीतरी महिने झाले. दादा-वहिनींना संध्याकाळी येऊ नका म्हटलं. मी एकटाच तिच्यासमोर हंस धरून बसतो, आणि खरंच गप्प बसतो, जीभ दाताखाली दाबून. कार्डाचे कोपरे मऊ पडलेत. ती कार्डाकडे बघत नाही. माझ्या तोंडाकडे बघत असते, मी सांगायची वाट पाहत.