आवक झालेलं सातवं प्रकरण

लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, आणि कागद तर औषधालाही नव्हता. नेमकी तेव्हाच मला कादंबरी लिहायची हुक्की आली. मी नगर जिल्ह्यातल्या एका मामलेदार कचेरीत कारकून होतो. तालुका कुठला ते सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. पीकपाण्याचे रद्द झालेले छापील फॉर्म मी घरी आणायचो आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचो. पुढे बाजरी, मागे प्रेम.

असं करत करत मी सातव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणाशी आलो. त्यात नायिका विहिरीत जीव देते. त्याआधी ती अकरा पानं बोलते. विहीर मी आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यातली, स्वतः पाहिलेली, गावाच्या नावासकट घातली होती. लिहिताना मी घळाघळा रडलो, आणि आपल्याला रडू आलं म्हणजे उत्तम साधलं अशी तेव्हा माझी ठाम समजूत होती. नगरच्या एका छापखानेवाल्यांनी शब्द दिला होता: दसऱ्याच्या आत सगळं बाड आणा, तेवढाच कागद शिल्लक आहे, नंतर आलात तर तो पंचांगाला जाईल.

आता माझी अक्कल बघा. मधल्या सुट्टीत पुन्हा वाचावं म्हणून ते प्रकरण मी कचेरीत नेलं आणि टेबलावर ठेवून चहाला गेलो. टपाल नोंदणारा आमचा कारकून समोर दिसेल त्या कागदावर शिक्का हाणायचा. परत येऊन बघतो तर माझ्या नायिकेच्या डोक्यावर आवक क्रमांक पडलेला.

मी अव्वल कारकुनांकडे धावलो. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. तीस वर्षांत एकही कागद निकालाशिवाय कचेरीबाहेर गेला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! मी म्हटलं, ही माझी कादंबरी आहे. त्यांनी अकराच्या अकरा पानं वाचली, तपकीर ओढली आणि म्हणाले की ते त्यांना दुसऱ्याच ओळीला कळलं. पण आवक झाली आहे. आवक झाली की चौकशी, चौकशीवर अहवाल, अहवालावर निकाल, आणि मग कागद परत. मी चिडलो, हात जोडले, दसऱ्याचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, विहिरीत बाई पडल्याचा मजकूर आहे, तलाठ्याकडे पाठवतो. आणि पाठवला की हो खरंच.

तलाठी पाटलाला घेऊन विहिरीवर गेला. पाच पंच बोलावून रीतसर पंचनामा केला. विहीर सोळा हात खोल, पाणी कमरेएवढं, प्रेत नाही. वर्णनाबरहुकूम बाई गावात नाही. चाफेकळी नाकाची एक आहे, पण ती सध्या माहेरी आहे. शिवाय पंचांचं म्हणणं असं पडलं की, एवढं बोलून होईपर्यंत कुणी ना कुणी पाण्याला आलंच असतं. हे सगळं मला तलाठ्याने कचेरीत सगळ्यांदेखत हसत हसत ऐकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलेच टीकाकार, आणि पाचातले चार अंगठेबहाद्दर!

दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा भाऊसाहेबांनी मला बोलावलं. फाईल त्यांच्यापुढे उघडी होती, आणि चेहरा उतरलेला. पंचनाम्याच्या मागे एक जबाब जोडलेला होता. विहिरीशेजारच्या वस्तीवरच्या एका बाईचा, खाली अंगठा. तलाठ्याने ती बोलली तसा उतरवून घेतला होता.

"मी त्या हिरीवर जीव द्याया गेल्ते. काय बोलले न्हाई. लेकरू जावंकडं दिलं, म्हशीला पानी दावलं आन काठावर जाऊन बसले. मंग म्हस वरडाय लागली. धार काढायची ऱ्हायली हुती. म्हनून घरी आले."

मी ते दोनदा वाचलं. शेजारी माझी अकरा पानं पडली होती, त्यांच्याकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटली. भाऊसाहेबांना मात्र वेगळीच धास्ती होती. जीव द्यायला जाणं हा गुन्हा होता, आणि त्या भोळ्या बाईने तो अंगठा उठवून कबूल केला होता. फाईल संध्याकाळी मामलेदारांपुढे जायची होती.

"हा जबाब तुमच्या कादंबरीतलाच ना?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं.

"हो," मी म्हणालो. "माझाच आहे."

त्यांनी शेरा मारला: सदर जबाब कादंबरीचाच भाग असून नजरचुकीने दप्तरी आला, सबब प्रकरणासह लेखकास परत, निकाली. तीस वर्षांतला त्यांचा तो पहिला खोटा शेरा असावा. सही करून त्यांनी माझी पानं आणि तो जबाब माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची नगरची मोटार मी जाऊ दिली. ती अकरा पानं चुलीत घातली, त्यांच्या जागी त्या बाईच्या ओळी एक शब्द न बदलता उतरवल्या, आणि मग तो अंगठ्याचा कागदही चुलीत घातला. नायिका विहिरीवरून घरी आली.

छापखान्यातला कागद पंचांगाला गेला; कादंबरी पुढे बऱ्याच वर्षांनी छापली गेली. वाचणारे तेवढ्या ओळींपाशीच थांबतात आणि विचारतात, हे तुम्हालाच सुचलं ना हो? त्या बाईला भेटायची माझी कधी हिंमत झाली नाही. विचारणाऱ्यांना मी अजूनही भाऊसाहेबांना दिलं तेच उत्तर देतो.